गोमंतकांतील चर्चचीं पवित्र पात्रें

गोमंतकांतील जुन्या चर्चमध्यें जाऊन वेदीवरील सोनेरी कोरीव काम पाहून येणारे पुष्कळ आहेत. वेदीलगतच्या साक्रिस्ती नांवाच्या खोलीकडे लक्ष देणारे थोडे. मिस्सेचा चषक, भाकर ठेवण्याची तबकडी, झांकणाचें पात्र आणि सूर्यकिरणांसारखी प्रभावळ असलेलें दर्शनपात्र हीं वापरांत नसतांना तेथल्या कपाटांत कुलपाआड असतात.

या पात्रांविषयींचे जुने नियम मोठे कडक होते. चषक चांदीचा असला तरी आंतून त्यास सोन्याचा मुलामा हवा. बिशपानें पवित्र तेल लावून तो अर्पण केला म्हणजे सामान्य माणसानें त्यास हात लावावयाचा नाहीं. चषक पुसण्याचें वस्त्रसुद्धां प्रथम दीक्षित धर्मगुरूनें धुवावें, व तें पाणी गटारांत न सोडतां थेट जमिनींत मुरेल अशा कुंडांत ओतावें. आपल्या घरांतील सोंवळ्याची आठवण कोणासही होईल. परंतु त्यांत व्यवहारहि होता. चांदीचीं ताटें आपण रांगोळीनें घासतों; चषक तसा घासला तर पाऱ्याच्या साह्यानें चढविलेला तो पातळ मुलामा लवकरच उडावयाचा. हात लावणारे जितके कमी, तितकी झीज कमी.

येथें एक चमत्कारिक गोष्ट दिसते. हीं पात्रें घडविणारे हात पुष्कळदां हिंदु सोनारांचे होते. १५६७ साली गोव्यांत भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेनें ख्रिस्तेतर कारागिरांकडून पूजेच्या वस्तू करून घेण्यास मनाई केली; पण अशी मनाई पुनःपुन्हां करावी लागली, यावरूनच ती कितपत पाळली गेली हें कळतें. सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष ज्या चांदीच्या पेटींत आहेत, ती १६३६-३७ मध्यें गोव्याच्याच कारागिरांनीं घडविली. अशा सोनाराच्या हातचा चषक एकदां अर्पण झाला कीं त्याच सोनारास तो अस्पर्श्य होई! मुलामा झिजल्यावर मात्र पुन्हां त्याचीच आठवण व्हावयाची. आणि नव्या मुलाम्यानें जुनें पावित्र्य संपतें असें मानीत असल्यामुळें बिशपास विधि पुन्हां करावा लागे. १९१७ च्या धर्मसंहितेनें ही अट काढून टाकली.

चोराहून मोठें भय राज्यक्रांतीचें. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर तिकडच्या चर्चच्या घंटा मराठ्यांच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा प्रसिद्धच आहे. घंटा कोठेंहि गेली तरी घंटाच राहते. चषकाचें तसें नाहीं. चर्चबाहेर पडला कीं तो अमुक तोळे चांदी. म्हणूनच १८३४ चा पोर्तुगीज हुकूम मला विशेष वाटतो. त्यानें पुरुषांचे सर्व मठ बंद करून त्यांची मिळकत सरकारजमा केली, पण पूजेचीं पात्रें व वस्त्रें मात्र बिशपांच्या स्वाधीन करून गरजू चर्चना वांटावीं, असें त्यांतच म्हटलें होतें. गोव्यांत त्याचा अंमल १८३५ मध्यें झाला. मठाचें वैभव एकत्र राहिलें नाहीं, हें खरें. परंतु ज्या पात्राला गांवच्या चर्चमध्यें रोजची मिस्सा मिळाली, त्याला राखणारा कोणीतरी मिळाला. फाब्रिका म्हणजे चर्चच्या मिळकतीचें कारभारी मंडळ. अशा वस्तूंची यादी व हिशेब तें पाहतें.

सांता मोनिकाच्या मठांत जोगिणी होत्या, म्हणून तो लगेच बंद झाला नाहीं. नव्यांना दीक्षा देणें मात्र थांबलें, आणि शेवटची जोगीण १८८५ मध्यें वारली. त्याच मठाच्या चर्चमध्यें आज ख्रिस्ती कलेचें संग्रहालय आहे. १९९४ साली तें राशोलच्या सेमिनरींत उघडलें, पुढें येथें आणलें. २०१२ च्या जानेवारींत चोरांनीं तेथील पहारेकऱ्याचा जीव घेतला. स्पर्शाचा जुना नियम १९८३ च्या धर्मसंहितेंत राहिला नाहीं. आतां गांवोगांवच्या साक्रिस्तींत चषक पुसून कपाटांत ठेवणारे हात बहुधा सामान्य गृहस्थांचे आणि गृहिणींचेच असतात.