प्रश्न आरोग्याचा, खटला अश्लीलतेचा

र. धों. कर्वे म्हटले की संततिनियमन आठवते. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. डॉक्टरांपुढेही जीभ रेटणार नाही असे प्रश्न वाचक त्यांना पत्रातून विचारत आणि कर्वे छापून उत्तर देत. १९३४ साली या प्रश्नोत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यात हस्तमैथुनाविषयीचे प्रश्न होते, तसे समलिंगी संबंधांविषयीचेही.

कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच ते अश्लील ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा. समलिंगी संबंधांबाबत त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाच्या संशोधनाचा आधार घेतला. पण खटला हरला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र त्यांनी १९५३ साली, मृत्यूपर्यंत चालवले.

हे आज आठवायचे कारण असे, की पुढची मोठी लढाईही आरोग्याच्याच प्रश्नावरून उभी राहिली. ३७७ कलम इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातले. आपण राहतो त्या इंग्लंडमध्ये २१ वर्षांवरील पुरुषांचे खाजगी समलिंगी संबंध १९६७ साली गुन्ह्यातून वगळले गेले. भारतात कलम तसेच राहिले. २००१ साली एचआयव्हीवर काम करणारी नाझ फाउंडेशन ही संस्था दिल्ली उच्च न्यायालयात गेली. पोलिसांच्या भीतीने लोक लपून राहिले, तर तपासणी आणि उपचार त्यांच्यापर्यंत पोचणार कसे, असा तिचा सवाल होता.

२००९ साली न्यायालयाने ते मान्य केले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत असे ठरवले. त्याआधी २०१४ साली तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख न्यायालयाने मान्य केली होती आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली होती. समलिंगी विवाहाला मात्र २०२३ साली न्यायालयाने मान्यता दिली नाही.

कर्व्यांना लोक पत्रे लिहीत, कारण घरात विचारायची सोय नव्हती. कायदा बदलायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. ती सोय करायला मात्र कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही.