गोदाकाठची इटली

इटलीतील एखाद्या विद्यापीठात सहामाही काढावी, भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरती तेथील भाषा जिभेवर बसवावी, आणि शनिवार-रविवार हाती लागला की आगगाडीत बसून फ्लॉरेन्स किंवा व्हेनिस पाहून यावे, हे भाग्य आजच्या विद्यार्थ्यास बऱ्यापैकी सुलभ झाले आहे. परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नाशिकच्या तिळभांडेश्वर गल्लीतील जी मुले इटलीमय होऊन गेली होती, त्यांना त्या देशाचे दर्शन घडले ते केवळ पुस्तकांच्या पानांतून. त्यांचा साप्ताहिक प्रवासही गल्लीतल्या गल्लीतच होई. १९०० सालच्या आरंभी येथे ‘मित्रमेळा’ स्थापन झाला. वरकरणी गणेशोत्सव, शिवजयंती, पायाने अधू असलेल्या कवी गोविंदांची पदे आणि पोवाडे असा त्याचा थाट होता, परंतु आठवड्याच्या बैठकीत मॅझिनी आणि गॅरिबाल्डी या इटालियन बंडखोरांची चरित्रे आपल्याच गावच्या वडीलधाऱ्यांच्या गोष्टी सांगाव्यात अशा जिव्हाळ्याने चर्चिली जात.

इटलीच का, हा प्रश्न अप्रस्तुत नव्हे. प्राचीन वैभवाचा अभिमान आणि वर्तमान पारतंत्र्याची लाज या दोन्ही भावना ज्यांच्या ठायी एकत्र नांदत होत्या, त्यांना, नाना संस्थानांत विभागलेला, लोम्बार्डी व व्हेनिस हे प्रांत ऑस्ट्रियाच्या अमलाखाली गेलेला आणि तरीही १८७० पर्यंत एकराष्ट्र होऊन रोममध्ये राजधानी थाटणारा देश हा आपल्याच भवितव्याचा आरसा वाटावा, हे स्वाभाविक होते. बंगालात सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी मॅझिनीवर व्याख्याने देऊन तरुण पिढी भारून टाकली होती, मराठीत न. चिं. केळकरांनी गॅरिबाल्डीचे चरित्र लिहिले होते. आणि मौज अशी की हे इटालियन बंडखोर इंग्रजांचेही लाडके होते. १८६४ साली गॅरिबाल्डी लंडनला गेला तेव्हा त्याच्या स्वागतास रस्ते माणसांनी फुलून गेले होते. तेव्हा राज्यकर्त्यांच्याच ग्रंथालयांत मिळणाऱ्या पुस्तकांवर सरकारी अंमलदारांनी हरकत तरी कोणत्या तोंडाने घ्यावी?

याच मेळ्यातला भगूरचा विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर ९ जून १९०६ रोजी बोटीने विलायतेस निघाला. श्यामजी कृष्णवर्मा यांच्यामार्फत मिळालेली शिष्यवृत्ती आणि जव्हार संस्थानच्या दिवाणपदी असलेल्या सासऱ्यांचे साहाय्य, या दोहोंवर हा प्रवास घडला. वाटेत मार्सेल्स बंदर लागले. १८३१ मध्ये, सावोनाच्या किल्ल्यातील कारावासानंतर हद्दपार झालेल्या मॅझिनीने ‘तरुण इटली’ ही संस्था याच शहरी स्थापिली होती. सभासद चाळिशीच्या आतले असावेत असा तिचा दंडक होता. नाशिकच्या या प्रवाशाने तिथे मॅझिनीच्या खुणा धुंडाळण्याचा खटाटोप केला, आणि मार्सेल्सकरांना त्याचे नावही फारसे ठाऊक नसल्याचा अनुभव पदरी घेऊन तो पुढे गेला. परदेशी गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास असा एखादा अपेक्षाभंग भोगावाच लागतो.

लंडनमध्ये मुक्काम हायगेटच्या ‘इंडिया हाउस’मध्ये आणि कायद्याचे अध्ययन ‘ग्रेज इन’मध्ये, अशी व्यवस्था झाली. ग्रेज इनपासून थोड्याच पावलांवर हॅटन गार्डनचा भाग लागतो. १८३७ पासून लंडनला राहिलेल्या मॅझिनीने तेथे १८४१ साली, रस्तोरस्ती वाद्यपेटी फिरवून धन्याचे पोट भरणाऱ्या गरीब इटालियन पोरांसाठी, मोफत रात्रशाळा काढली होती. गुप्त मंडळ्यांचा सूत्रधार म्हणून ज्याची ख्याती, तोच गृहस्थ कंदिलाच्या उजेडात परक्या शहरातल्या पोरांना अक्षरे आणि इतिहास शिकवीत बसे, हे चित्र प्रस्तुत लेखकास त्याच्या सर्व घोषणांपेक्षा अधिक मोहक वाटते. मात्र नाशिकला जो मॅझिनी हवा होता तो हा नव्हता.

सावरकरांनी मॅझिनीच्या लेखनाचे इंग्रजी खंड मिळविले, आणि लंडनचे पहिले काही महिने देहाने इंग्लंडात व चित्ताने इटलीत काढून त्यांतील निवडक भागाचे मराठी भाषांतर सिद्ध केले. हस्तलिखित नाशिकला वडील बंधू बाबारावांकडे आले आणि १९०७ साली पुण्यात छापले गेले. प्रती दोन हजार, अर्पणपत्रिका टिळक आणि ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांना. ग्रंथाहून त्याची प्रस्तावनाच अधिक गाजली. एका बाजूस लोकशिक्षण, दुसऱ्या बाजूस शस्त्रसिद्धता, हा इटलीच्या मुक्तीचा मार्ग तिच्यात असा काही विशद केला होता की ‘इटली’ या शब्दाच्या जागी वाचक मनोमन दुसराच शब्द घालीत असे. तरुणांनी ती प्रस्तावना तोंडपाठ केल्याच्या आठवणी आहेत.

मॅझिनी मात्र एकट्या नाशिकचा नव्हता. नोव्हेंबर १९०९ मध्ये, लंडनहून आफ्रिकेस परतताना, गांधींनी बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहिले. त्यात इटली आणि हिंदुस्थान यांच्या तुलनेस एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि परिशिष्टातील वाचनीय ग्रंथांच्या यादीत मॅझिनीचा मानवी कर्तव्यांवरील निबंध आहे. कामगारांना उद्देशून हक्कांआधी कर्तव्ये सांगणारा हा मॅझिनी गांधींना आपला वाटला. एकाच माणसाच्या ग्रंथसंभारातून दोन बोटींवरच्या दोन वाचकांनी दोन भिन्न माणसे बाहेर काढली, आणि दोन्ही त्यात होती.

पुढचा महिना उलटण्यापूर्वीच, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे याने कलेक्टर जॅक्सन यांस गोळ्या घातल्या. जॅक्सन संस्कृतज्ञ म्हणून नावाजलेले होते. त्याआधीच जूनमध्ये, राजद्रोही पदे छापल्याबद्दल, बाबारावांस काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. आता झडत्या, जप्त्या, जबान्या यांना ऊत आला. लंडनला पकडलेल्या सावरकरांना घेऊन येणारी बोट त्याच मार्सेल्स बंदरात थांबली असता ८ जुलै १९१० रोजी त्यांनी समुद्रात उडी घेतली, किनारा गाठला आणि तिथेच पुन्हा ते पकडले गेले.

जॅक्सन यांच्या खुनानंतर उभ्या राहिलेल्या नाशिक कटाच्या मुकदम्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या विशेष न्यायासनाने डिसेंबर १९१० मध्ये निकाल दिला. इंग्रजी ग्रंथांच्या वाचनातून उपजलेली ती मराठी प्रस्तावना आता पुन्हा इंग्रजीत उतरून, फिर्यादी पक्षाच्या पुराव्यादाखल, दप्तरी दाखल झाली होती.