एव्हलिनचा ऑगस्ट

युनिक्सवर 'कॅल ९ १७५२' ही कमांड चालवून पाहिलीये कधी? २ सप्टेंबरनंतर थेट १४ येते. बग नाही हा! इंग्लंडने ज्युलियन कॅलेंडर सोडलं तेव्हा ११ दिवस खरोखरच गाळले होते.

आता हीच गंमत बागेत बघा. लंडनजवळ डेप्टफर्डला राहणाऱ्या जॉन एव्हलिनने १६६४ मध्ये 'कॅलेंडेरियम हॉर्टेन्स' छापलं. बागेत कुठल्या महिन्यात काय करायचं, त्याची यादी. त्याचा ऑगस्ट (तिकडचा सरता उन्हाळा, आपला श्रावण नव्हे) म्हणजे नुसती धांदल. तयार झालेला कांदा-लसूण उपटा, भाज्यांचं बी गोळा करा, कोबी, फ्लॉवर, पालक पेरा. यात पेरणी सगळ्यात नाजूक. तिकडे दिवस भराभर लहान होतात. उशीर झाला तर थंडीआधी रोप धड वाढत नाही, फार घाई केली तर काही भाज्या अकाली फुलावर जातात.

पण एव्हलिनच्या तारखा ज्युलियन. त्याचा १ ऑगस्ट म्हणजे आपला ११ ऑगस्ट! त्याची तारीख तशीच उचलली तर पेरणी १० दिवस आधीच होणार.

मग १७५२ मध्ये ११ दिवस का गाळले? कारण १७०० हे ज्युलियनमध्ये लीप इयर होतं, नव्या कॅलेंडरमध्ये नव्हतं. आपला लाडका ऑफ-बाय-वन, दुसरं काय!