झाडाच्या पोटातील पुरावा

वड-पिंपळाचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून दगडी बांधकामाच्या फटीत पडते आणि मुळे दगडांना कवेत घेतात. खोडाला टेकलेली मूर्ती किंवा वीरगळही दरवर्षी वाढणाऱ्या लाकडाखाली हळूहळू बुजते. ठाणे-कल्याण हा शिलाहार राजांचा मुलूख होता. येथील भग्न मूर्ती गावकरी पिंपळाच्या पारावर ठेवत आले, म्हणून पार नीट पाहायलाच हवेत. शिलाहारांचा पुरावा कुठेही मिळू शकतो: ठाण्यात 1787 मध्ये मिळालेला शिलाहार राजा अरिकेसरीचा इ.स. 1017 चा ताम्रपट जमिनीतून आला. अंबरनाथच्या शिवमंदिराचा शके 982 चा लेख तर मंदिरातच सापडला. खोडातला दगड मात्र घाईने उपसू नये: मूळ ओढले की कोरीव काम फुटते, शिवाय वस्तू मुळात कुठे होती याचा पुरावाही जातो. आधी छायाचित्र व मोजमाप घ्यावे, पुरातत्त्व खात्याला कळवावे.