काकांचे कागद आणि ओव्हरटनचे उंदीर

आमचे ब्रह्मपुरीचे काका मोहाची घेत. उन्हाळ्यात अस्वलं मोहाखाली जातात त्या नेमाने, फक्त बारमाही. एका रात्री चोरांच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांनी घराचे कागद कुठंतरी दडवले. ते चोरांना सापडले नाहीत, आम्हालाही नाहीत.

पुढे १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी आली. (गडचिरोलीत ती १९९३ पासूनच होती.) तारीख बघून काकांना थट्टाच वाटली, काकूने ती खरी करून दाखवली. काका सुटले, कागद मात्र अडकले.

मी पडलो वाचणारा माणूस. इतिहासात आधार शोधला. एकोणिसाव्या शतकात, डोक्याची टेंगळं चाचपून स्वभाव सांगणाऱ्या जॉर्ज कूमने एका आयरिश हमालाची हकीकत लिहून ठेवली आहे. त्याने पिऊन एक पुडकं भलत्याच घरी टाकलं. शुद्धीत काही आठवेना. पुन्हा प्याला आणि घर आठवलं!

हमालाची साक्ष कोण मानणार? पण १९३७ साली गर्डन आणि कलर यांनी कुत्र्यांना क्युरारे, म्हणजे बाणाला लावायचं विष, देऊन इशाऱ्यासरशी पायाचा स्नायू आखडायला शिकवलं. विष उतरलं की धडा गायब, पुन्हा दिलं की हजर! १९६४ मध्ये डोनाल्ड ओव्हरटन यांनी गुंगीचं औषध दिलेल्या उंदरांना दुफाट्यावर सुटकेची वाट शिकवली. शुद्धीवर येताच ते कोरे. गुंगीत मात्र बरोबर वळत. म्हणजे आठवण पुसली जात नाही. शिकताना शरीर ज्या अवस्थेत असतं, तीच तिची किल्ली होऊन बसते.

२०२१ मध्ये बंदी उठली. मी चाचरत म्हटलं, "काकू, काकांना एकच पेला..."

"कागद गेला तं जाऊ दे बाप्पा! माणूस सापडला हाये, तो नोको हरवू."

उंदरांचा इतिहास तिथंच संपला. मी खाली मान घालून पुढचं पान उलटलं. १९६९ साली गुडविन यांनी माणसांवर प्रयोग केले, तेव्हा नशा उतरल्यावर आपणहून आठवणं अवघड गेलं, पण दाखवलेलं चित्र ओळखायला अडचण आली नाही. मग बाटली कशाला? आम्ही घरातली एकेक वस्तू काकांपुढे ठेवली. माळ्यावरची फुटकी कणगी खाली येताच ते थबकले. "हिच्यात," ते हळूच म्हणाले.

कागद आता काकूने ठेवलेत. कुठं, ते कुणालाच ठाऊक नाही. पण काकू सदैव शुद्धीत असते.