तापल्या विळ्याचे श्रेय

मेळघाटात कोरकू कुटुंबातले तान्हे मूल धापा टाकू लागले, त्याचे फुगलेले पोट भात्यासारखे उडू लागले, की भूमकाला, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूला, बोलावणे जात असे, आणि अजूनही क्वचित जाते. विळ्याचे टोक निखाऱ्यात लाल करायचे आणि बाळाच्या पोटावर चटके द्यायचे, हा तो ‘डम्मा’. डोंगरातलीच ही रीत, असे समजून सपाटीवरच्यांनी नाक मुरडायचे कारण नाही. ‘डब्बा झालाय’ म्हणून पोराच्या पोटावर बिब्ब्याचे डाग देणाऱ्या आज्या महाराष्ट्रात इतरत्रही होत्याच. वर्तमानपत्रात डम्म्याची बातमी ‘अघोरी प्रथा’ या मथळ्याखाली येते, आणि ती अघोरी आहेच: जखम चिघळते, आधीच दमलेले लेकरू आणखी खचते, दवाखाना गाठायचा मोलाचा दिवस हातचा जातो. पण अघोरी म्हटले की विचार तिथेच थांबतो. पोटच्या गोळ्याला चटके देण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या टिकली, ती आईबाप निष्ठुर होते म्हणून खासच नव्हे. माझ्या मते ती टिकली, कारण डागलेली बहुतेक मुले बरी होत.

बरी होत ती डागामुळे नव्हे, आजाराच्या स्वभावामुळे. लहान मुलांची छाती भरते त्यामागे जिवाणू असतात तसे विषाणूही असतात. त्यांतला एक अडेनोव्हायरस. 1953 साली अमेरिकेत वॉलेस रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो मुलांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या अडेनॉइड ग्रंथींच्या पेशींत सापडला, आणि त्या ग्रंथींवरूनच पुढे त्याचे नाव पडले. बहुतेक मुलांना तो सर्दी, ताप, घसादुखी, लाल डोळे किंवा जुलाब देऊन जातो. थोड्यांच्या फुप्फुसात उतरतो, आणि त्यांतलीही बरीच आपोआप सावरतात. ज्यांचे नशीब फुटके, त्यांचा जीव जातो किंवा बारीक श्वासनलिका कायमच्या आकसून राहतात. जे मूल सावरले ते डागाने सावरले आणि जे गेले ते उशीर झाला म्हणून गेले, असा हिशेब मांडला की भूमका कधीच चुकत नाही.

मात्र भूमकाच्या आणि आजीच्या बाजूने एक गोष्ट मांडलीच पाहिजे. त्यांचा उपाय चुकला, नजर चुकली नव्हती. उडणारे पोट, आत ओढल्या जाणाऱ्या बरगड्या, जलद श्वास ही खूण त्यांनी स्टेथोस्कोपशिवाय ओळखली होती. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे 1980च्या दशकात खेड्यांसाठी जी कसोटी ठरवली, ती याच खुणेवर उभी आहे: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास, वर्षाच्या आतल्याचे 50, पाच वर्षांखालच्या मुलाचे 40. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हे मोजणे गावातल्या माणसांच्या, अगदी निरक्षर दाईंच्याही हाती दिले. ज्यांना साठापर्यंत अंक येत नाहीत त्यांनी मोजायचे कसे? त्यासाठी एका पट्टीवर मणी आणि शेजारी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया. मग कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक द्यायचे. जुनी नजर कायम राहिली आणि विळ्याची जागा औषधाने घेतली.

इथे चाणाक्ष वाचक मला माझ्याच तर्कात पकडेल. मुले आपोआप बरी होतात म्हणून विळ्याला श्रेय नाकारायचे, तर गोळीला ते कसे द्यायचे? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर गोळीत नाही, तुलनेत आहे. सर्चने 58 गावांत उपचार केले आणि 44 गावे तुलनेसाठी ठेवली. 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार उपचाराच्या गावांत न्यूमोनियाच्या 612 रुग्णांपैकी 0.8 टक्के दगावले, तुलनेच्या गावांत 13.5 टक्के. या दुसऱ्या आकड्याकडे जरा उलटे पाहा: नव्या उपचाराशिवायही शंभरातली 86 मुले जगली होती. डागणाऱ्याची सारी ख्याती या 86 मुलांवर उभी असते. पहिल्या आकड्यावर मात्र मी फारसा विसंबणार नाही. घरोघर शोधून साधे खोकलेही मोजणीत आले, तर मृत्यूचे प्रमाण आपसूक खाली दिसते. खरी कसोटी वेगळी. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने किती गेली? उपचाराच्या गावांत 8.1, तुलनेच्या गावांत 17.5. पोरे मोजण्यात गफलत करता येत नाही. अशी तुलना भूमकाकडे कधी नव्हती आणि, खरे सांगायचे तर, शहरातल्या पुष्कळ दवाखान्यांतही नसते. सर्दीला अँटिबायोटिक लिहून पाचव्या दिवशी मिळणारा गुण विळ्याच्याच जातीचा.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. आफ्रिका आणि आशियातल्या सात देशांत झालेल्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ‘पर्च’ अभ्यासात इस्पितळात दाखल झालेल्या गंभीर न्यूमोनियाची सुमारे 61 टक्के कारणे विषाणू निघाली. मग मणी सरकवून गोळी देणे कालबाह्य झाले का? निम्मे झाले, असे मला वाटते. हिब आणि न्यूमोकोकस या जिवाणूंवरच्या लशींमुळे जिवाणूंचा वाटा कमी होत गेला, आणि उरलेल्यात विषाणू ठळक दिसू लागले; सर्चचा प्रयोग झाला त्या 1988च्या गडचिरोलीत त्या लशी नव्हत्या. शिवाय श्वासांची मोजणी जंतूचे नाव सांगण्यासाठी कधीच नव्हती. ती एवढेच सांगते, की हे मूल आता घरी ठेवण्याजोगे राहिलेले नाही.

नाव कळल्याने किती फरक पडतो, ते 2023च्या सुरुवातीला कोलकात्यात दिसले. अडेनोव्हायरसची साथ आली, बालरुग्णालयांत खाटा अपुऱ्या पडल्या. प्रयोगशाळेने विषाणूची नेमकी जातकुळीही शोधली, प्रकार 7 आणि 3 यांचा संकर. त्याच्यावर खास औषध नव्हते. गोळीच्या रूपातली लस अमेरिकेत 1971पासून होती, मधली काही वर्षे बंद पडून 2011मध्ये पुन्हा सुरू झाली, पण ती मिळते सैनिकांना. लहान मुलांसाठी आजही नाही. डॉक्टरांच्या हातात होता तो प्राणवायू, आणि तो कोणाला आधी लावायचा हे ठरवायला मुलाची वर-खाली होणारी छाती आणि बोटाला लावलेला ऑक्सिमीटर.