बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास आला तर? जमिनीखालच्या गळतीचा तपास असा होतो

सुरत : गोडादरा, लिंबायत, डिंडोली हा शहराच्या पूर्वेकडचा पट्टा म्हणजे खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती. इथे घरं, दुकानं, गोदामं आणि पेट्रोल पंप एकमेकांना लागूनच आहेत. पंपाची टाकी जमिनीत पुरलेली असते. ती किंवा तिचा पाइप गळू लागला, तर वर काहीच दिसत नाही. कळतं ते बोअरच्या पाण्याला किंवा गटारीला वास आल्यावर.

जमिनीखाली काय होतं?

पेट्रोल मातीतून खाली झिरपतं आणि पाण्यापेक्षा हलकं असल्यानं भूजलावर तरंगतं. त्यातला थोडा भाग पाण्यात विरघळून पाण्यासोबत पुढे सरकतो. त्यात सर्वात घातक बेंझिन, कारण त्यानं रक्ताचा कर्करोग होऊ शकतो.

बीएस-६ पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त १ टक्का चालतं. म्हणजे एका लिटरमध्ये १० मिलिलिटरपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. हिशेब केला, तर एका लिटर पेट्रोलमधलं बेंझिन सुमारे पावणेनऊ लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जिवाणू आधी खातात आणि मातीतला ऑक्सिजन संपवतात. त्यामुळे बेंझिन जास्त दिवस टिकतं आणि लांबवर जातं.

तपासाचे टप्पे

१. साठ्याचा हिशेब : टँकरनं आलेला माल, डिप रॉडनं मोजलेला साठा आणि मशीनवरची विक्री यांचा मेळ घालायचा. बाष्पीभवनानं थोडी घट येतेच. पण घट रोज एकाच बाजूला वाढत गेली किंवा टाकीत वारंवार पाणी सापडलं, तर टाकी आणि पाइपची दाब-चाचणी करायची.

२. जागेचा इतिहास : आधी टाक्या कुठे होत्या, कधी बदलल्या? देशभर शिसंविरहित पेट्रोल १ फेब्रुवारी २०००पासून आलं. त्याआधीचा पंप असेल, तर मातीत शिसंही तपासायचं.

३. मातीचे नमुने : टाकी, पाइप, मशीन आणि टँकर खाली करण्याची जागा, अशा ठिकाणी भोकं पाडून वेगवेगळ्या खोलीवरची माती घेतात. बाष्प मोजणाऱ्या यंत्रानं जागेवरच अंदाज येतो. इथली जमीन तापीच्या गाळाची आणि काळ्या चिकणमातीची. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, त्यातून पेट्रोल वेडंवाकडं उतरतं. म्हणून एका भोकावर भागत नाही.

४. निरीक्षणाचे बोअर : किमान तीन, तेही एका रेषेत नकोत. तिन्हींतली पाण्याची पातळी एकाच पायापासून मोजली, की भूजल कुठल्या दिशेला सरकतंय ते निघतं. हाच तपासाचा कणा. आसपासच्या सोसायटीची मोटर जोरात चालत असेल, तर दूषित पाणी तिकडेच ओढलं जाऊ शकतं.

५. पाण्याचे नमुने : काचेची छोटी बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये. बर्फात ठेवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यायची. बाटली अर्धी राहिली, तर बेंझिन हवेत उडतं आणि अहवाल खोटाच चांगला येतो.

एक अहवाल पुरत नाही

पावसाळ्यात भूजल वर येतं, उन्हाळ्यात खाली जातं. तरंगतं पेट्रोलही सोबत वर-खाली होतं आणि मधल्या मातीला माखून ठेवतं. म्हणून एका मोसमात वास येतो, दुसऱ्यात गायब होतो. वास गेला म्हणजे पाणी चांगलं झालं, असं नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासणी हवी.

गटारीतला वास सर्वात धोक्याचा

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी गटारांत साचलेल्या पेट्रोलच्या वाफेचा स्फोट झाला. २००हून अधिक माणसं गेली. पाइपलाइन गंजून गळत होती आणि लोक आधीपासून वासाची तक्रार करत होते. हवेत पेट्रोलची वाफ जेमतेम दीड टक्का झाली, तरी ठिणगी पुरते.

रहिवाशांनी काय करायचं?

- वास येणारं पाणी पिणं, स्वयंपाक, आंघोळ बंद. उकळून उपयोग नाही. बेंझिन पाण्यातून निघून घरातल्या हवेत येतं.
- गटार किंवा तळघरात वास आला, तर दिव्याचं बटण, काडी, मोटर काहीच चालू करायचं नाही. बाहेर पडून अग्निशमन दलाला १०१वर फोन.
- तक्रार लेखी द्यायची : गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळ, सुरत महानगरपालिका आणि संबंधित तेल कंपनी. टाक्यांचा परवाना केंद्राच्या 'पेसो' या संस्थेकडे असतो, तिचं मुख्यालय नागपूरला आहे. प्रत तिकडेही पाठवावी.
- तारीख, वेळ, बोअरची खोली आणि वास कधी वाढतो याची वही ठेवावी. नमुना घेताना सोसायटीचा माणूस हजर असावा.

नियम काय?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२०च्या सूचनांनुसार नवा पंप शाळा, रुग्णालय आणि निवासी भागापासून ५० मीटरवर हवा. अडचण असेल, तर जादा सुरक्षा उपायांसह हे अंतर कमी करता येतं. पण ३० मीटरच्या आत नाही. जुन्या पंपांना हे अंतर मागे जाऊन लावता येत नाही. म्हणूनच दाट वस्तीतल्या जुन्या पंपाशेजारी राहणाऱ्यांनी बोअरचं पाणी वर्षातून दोनदा तपासून घेतलेलं बरं. चाचणी सांगताना 'बेंझिन, टोल्युइन, इथिलबेंझिन, झायलिन' ही चारही नावं लिहून द्यावीत. नेहमीच्या पाणी तपासणीत ती धरलेली नसतात.